कागदावर न लिहिलेलें माप

यंत्राच्या एखाद्या भागाचा आराखडा कारागिराच्या हातीं येतो. त्यावर एक वर्तुळ काढलेलें असतें आणि बाणाच्या टोकाशीं ‘५०’ एवढाच आंकडा असतो. पन्नास मिलिमीटर व्यासाचा दांडा करावयाचा, ही आज्ञा स्पष्ट आहे. पण ती जशीच्या तशी पाळतां येण्यासारखी नाहीं. बरोबर पन्नास, न अधिक न उणा, असा दांडा आजवर कोणत्याहि कातार्‍यानें कातलेला नाहीं व पुढेंहि कोणी कातणार नाहीं. हत्यार झिजतें, लोखंड तापलें म्हणजे वाढतें, हात थकतो, आणि मोजण्याचें साधनहि स्वतः कोठेंतरी थोडें चुकलेलेंच असतें. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, पन्नासाच्या अलीकडे किंवा पलीकडे माप किती गेलें तर तें क्षम्य समजावें?

या क्षम्य चुकीला यंत्रशाळेंत ‘टॉलरन्स’ म्हणतात. मराठींत तिला ‘सूट’ म्हटलें तर अर्थ पुरा होतो. आराखड्यावर सूट लिहिलेली असली म्हणजे वाद उरत नाहीं. परंतु पुष्कळदां ती लिहिलेली नसते. कागद जेथें गप्प बसतो तेथें काय समजावयाचें, हें ठरविण्यांत माणसांनीं दोन-अडीचशें वर्षें घालविलीं आहेत. करणारा आणि वापरणारा एकमेकांपासून कसे दूर जात गेले, आणि मधल्या अंतरांत भरंवसा टिकविण्यासाठीं काय करावें लागलें, याचा इतिहास त्या खटपटींत सांपडतो.

अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे कालपरवांपर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यांत, नगर शहरापासून थोड्याच कोसांवर हिवरे बाजार हें गांव आहे. पर्जन्यछायेंतील हा कोरडा मुलूख. दख्खनच्या इतर गांवांप्रमाणें या भागांतील शेतीचा गाडाहि पिढ्यानुपिढ्या बलुतेदारीवर चालत आला. शेतकऱ्याला नांगर हवा असला म्हणजे तो सुताराकडे जाई, आणि फाळासाठीं लोहाराच्या भट्टीपाशीं बसे. आराखडा नांवाची वस्तु त्या व्यवहारांत नव्हती. माप होतें तें हाताचें, वितीचें, मुठीचें आणि अंगुळाचें. रुमणें धरणाराच्या उंचीच्या बेतानें, हाळीस त्याच्या बैलांच्या बेतानें, फाळ त्याच्या रानाच्या बेतानें. रान काळें असलें तर एक तऱ्हा, मुरमाड असलें तर दुसरी. एखादा सांधा सैल बसला तर सुतार तेथें एक पाचर ठोकी आणि काम भागे.

ही पाचर लहान वस्तु खरी, पण तिच्यांत एक सबंध व्यवस्था सांठलेली होती. नेमकें माप साधणार नाहीं हें सुताराला ठाऊक होतें, लोहाराला ठाऊक होतें व शेतकऱ्यालाहि ठाऊक होतें. उणेंअधिक किती चालेल हें कोणी कोणाला सांगत नसे. नांगर बिघडला तर सुताराला दुसऱ्या दिवशीं त्याच शेतकऱ्याला तोंड दाखवावयाचें असे, आणि सुगीला आपलें बलुतें त्याच्याच खळ्यावर घ्यावयाचें असे. सूट कोठें लिहिलेली नव्हती. ती ओळखीच्या पोटांत होती. एका गांवचा फाळ दुसऱ्या गांवच्या नांगराला बसत नसला तरी त्यांत कोणाचें नुकसान नव्हतें, कारण तसा बसविण्याची वेळच सहसा येत नसे.

अशी वेळ मोठ्या प्रमाणावर आणली ती युद्धानें. नगरच्याच भूमींत ओतलेली मुलूखमैदान तोफ हें त्याचें ठळक उदाहरण आहे. इ. स. १५४९ मध्यें, बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानींत, महंमद बिन हुसेन रुमी या उस्तादानें ही तोफ नगर येथें ओतली. तिचें वजन सुमारें ५५ टन आणि भोंकाचा व्यास सुमारें २८ इंच आहे. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यांत गेली, आणि १६३२ सालीं विजापूरकरांनीं ती विजापुरास नेली; पुढें ती शेर्झा बुरुजावर चढली. तोफ नगरची, किल्ला परांड्याचा, बुरुज विजापूरचा. पण गोळा मात्र त्या एका भोंकाच्याच मापाचा हवा. ओतणारा उस्ताद जवळ नसतां गोळा करणाऱ्या दूरच्या कारागिरानें काय समजावयाचें?

येथें सुताराच्या पाचरीहून एक गोष्ट वेगळी आहे. गोळा भोंकापेक्षां बराच लहान झाला तर दारूचा जोर बाजूनें निसटतो आणि मारा कमी पडतो. पण तो केसभर मोठा झाला तर भोंकांत अडकतो, आणि अडकलेला गोळा तोफेबरोबर गोलंदाजाचाहि घात करूं शकतो. तेव्हां चूक एकाच दिशेला क्षम्य आहे. अठराव्या शतकांत इंग्रजी तोफखान्यांत गोळा आणि भोंक यांच्या व्यासांत, गोळ्याच्या व्यासाच्या सुमारें विसाव्या हिश्श्याइतका वाव ठेवण्याची वहिवाट होती.

वाव आणि सूट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें येथेंच ध्यानांत घेतलें पाहिजे. वाव म्हणजे एकांत एक बसणाऱ्या दोन वस्तूंमध्यें मुद्दाम ठेवलेली जागा. सूट म्हणजे एकाच वस्तूच्या मापांत क्षम्य मानलेली चूक. वाव मोठा असला म्हणजे सूटहि मोठी देतां येते. वाव लहान हवा असेल तर सूट आवळावी लागते, आणि सूट आवळली कीं मजुरी वाढते. स्वस्त काम आणि महाग काम यांतील पुष्कळसा फरक या एका गोष्टींत आहे.

वाव कमी करण्याची विद्या इंग्लंडांत तोफांच्या कारखान्यांतूनच निघाली. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदारानें १७७४ सालीं तोफेचें भोंक कोरण्याची नवी रीत काढली, आणि तिच्याच धर्तीवर पुढें जेम्स वॉटच्या वाफेच्या यंत्राचीं नळकांडीं कोरून दिलीं. वॉटचा भागीदार बोल्टन यानें मोठ्या समाधानानें कळविलें कीं, ५० इंच व्यासाच्या नळकांड्यांत जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीहि चूक कोठें नाहीं. आजच्या कारागिराला हें ऐकून हंसूं येईल, कारण नाण्याच्या जाडीइतकी चूक आज अक्षम्य ठरेल. पण बोल्टनच्या शब्दांतील मर्म निराळें आहे. चूक किती, हें तो सांगतो, आणि सर्वांच्या खिशांत असलेल्या वस्तूनें तें मोजून दाखवितो.

यापुढची पायरी बंदुकीच्या चापाची. १७८५ सालीं अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसमध्यें राहणारे टॉमस जेफर्सन हे ओनोरे ब्लां या फ्रेंच कारागिराच्या कार्यशाळेंत गेले. तेथें पन्नास चापांचे सुटे भाग निरनिराळ्या खणांत घालून ठेवले होते. हातीं येतील ते तुकडे उचलून जेफर्सन यांनीं स्वतः कांहीं चाप जुळविले, व ते बिनतक्रार जुळले. कोणताहि भाग कोणत्याहि जोडीदाराशीं जुळावा, ही कल्पना तेथून अमेरिकेंत गेली व तेथील शस्त्रशाळांत वाढली.

असें जुळणें साधावयाचें तर प्रत्येक भाग जोडीदाराशीं ताडून पाहण्याची रीत सोडून, दोघांनींहि एका तिसऱ्या वस्तूशीं ताडून पाहण्याची रीत धरावी लागते. ती तिसरी वस्तु म्हणजे गेज. त्याचीं दोन तोंडें असतात. भोंक तपासावयाचें असेल तर एक तोंड आंत गेलेंच पाहिजे, दुसरें आंत जातां कामा नये. या दोन तोंडांमधील फरक हीच सूट. वाचतां न येणाऱ्या मजुरालाहि ती हातानें कळावी, अशी ही युक्ति होती.

परंतु गेज असतें एका कारखान्याचें. शेजारच्या कारखान्याचें गेज निराळें. इंग्लंडांत एका गिरणीचा स्क्रू दुसऱ्या गिरणीच्या नटाला बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकारानें निरनिराळ्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांच्या आट्यांचीं मापें घेतलीं, त्यांची सरासरी काढली, व १८४१ सालीं ५५ अंशांच्या आट्याचें एक सामायिक माप सुचविलें. यांतील शहाणपण विचार करण्यासारखें आहे. लोक आधींच काय करीत होते तें त्यानें पाहिलें, आणि त्या वहिवाटीचा मध्य काढून तो कागदावर आणला. पुढें निघालेल्या पुष्कळ मानकांचा पिंड हाच आहे: आधीं वहिवाट, मग मोजणी, मग लेख.

हा लेख वेळेवर न झाल्यास काय होतें, हें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरानें १९०४ सालीं पाहिलें. ७ फेब्रुवारीस तेथें आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क अशा शहरांहून बंब धांवून आले. माणसें होतीं, यंत्रें होतीं, पाणी होतें. पण बाहेरगांवच्या पुष्कळ नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. प्रत्येक शहराचें माप आपल्या घरीं बरोबर होतें. तें आगीच्या वेळीं शेजाऱ्याच्याहि कामीं आलें पाहिजे, हा विचार मात्र तोंवर झाला नव्हता. दुसऱ्या दिवशीं आग विझली तोंवर दीड हजारांहून अधिक इमारती जळून गेल्या होत्या. त्यानंतर १९०५ सालीं नळ्यांच्या जोडाचें राष्ट्रीय माप ठरविण्यांत आलें. इंग्लंडांतहि १९०६ सालीं तेथील मानक समितीनें एकांत एक बसणाऱ्या भागांच्या मर्यादांविषयीं आपला पत्रक क्रमांक २७ प्रसिद्ध केला.

याच सुमारास महाराष्ट्रांत हा प्रश्न शेतकऱ्याच्या दारांत आणून सोडला तो ड्रॉईंग शिकविणाऱ्या एका मास्तरानें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगांव जिल्ह्यांतील. चित्रकार होण्याच्या हौसेनें ते १८८५ सालीं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत दाखल झाले. पण कांहीं रंग ओळखण्यांत त्यांची दृष्टि अधू आहे असें आढळल्यामुळें रंगांची वाट त्यांना सोडावी लागली. रेषांची वाट उरली. यांत्रिक आराखडे काढण्याची विद्या शिकून ते मुंबईच्याच व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ती शिकवूं लागले. पुढें बढती नाकारली गेल्यावर त्यांनीं नोकरी सोडली, बेळगांवास भावाच्या बरोबरीनें सायकलींच्या धंद्यांत लक्ष घातलें, आणि मग कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करण्याकडे ते वळले.

१९०३ सालीं त्यांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडानें जमिनींत विष कालवलें जातें, अशी समजूत त्या वेळीं शेतकऱ्यांत होती, व नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना गेला व तेथें किर्लोस्करवाडी वसली.

विषाची समजूत खोटी होती. पण तिच्या शेजारीं एक खरी अडचण उभी होती. लांकडी नांगराला गांवचा सुतार होता. बिडाच्या नांगराला गांवांत कोणी नव्हता. बीड ठोकून वाढवितां येत नाहीं, आणि त्याला पाचरीनेंहि फारसें सांवरतां येत नाहीं. फाळ झिजला कीं नवा आणावयाचा, आणि तो कारखान्यापासून शेकडों मैलांवर, ज्यानें तो ओतला त्याला कधींहि न पाहिलेल्या शेतकऱ्यानें, आपल्या बांधावर बसून जोडावयाचा. तो बसला नाहीं तर नांगरणीचा हंगाम जातो. हंगाम गेला म्हणजे वर्ष जातें. सुतभर चुकीची किंमत येथें एका कुटुंबाच्या वर्षाच्या भाकरीइतकी होऊं शकते.

ओतकामांत तर ही सुतभर चूक पावलोपावलीं उभी असते. वितळलेलें बीड सांच्यांत थंड होतांना आकसतें. फुटामागें सुमारें एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून लांकडी नमुना करणारा सुतार नेहमींच्या पट्टीनें मोजीत नाहीं. त्याच्यापाशीं फुटामागें सुतभर वाढीव अशी निराळी पट्टी असते. आराखड्यावर लिहिलेलें असतें बारा इंच, आणि सुतार करतो बारा इंच एक सूत, तरीहि तो आज्ञा मोडीत नाहीं. आराखड्यांतील आंकडा वाचण्यासाठीं त्यामागची वहिवाटहि वाचावी लागते, याचें याहून सोपें उदाहरण सांपडणार नाहीं. शिवाय एकाच भागावर कांहीं अंगें ओतलेलीं तशींच राहतात व कांहीं यंत्रावर कातून साफ करतात. ओतीव अंगाला मोठी सूट, कातीव अंगाला लहान सूट, हें प्रत्येक आंकड्याशेजारीं कोणी लिहीत नसे. कातण्याची खूण पाहून मिस्त्री तें समजून घेई.

नांगरानंतर पाण्याचे पंप आले, आणि १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस तेलाच्या इंजिनांची किर्लोस्कर कंपनी निघाली. नांगराच्या फाळाला सुताची भाषा पुरत होती. इंजिनाच्या नळकांड्यांत वरखालीं धांवणाऱ्या दट्ट्याला ती पुरेना. तेथें वाव मोजावा लागतो तो मिलिमीटरच्या शतांशांत. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणें मिलिमीटरच्या पांच ते दहा शतांशांइतकी असते. ‘केसभर’ हा शब्द बोलण्यांत अतिशयोक्तीचा होता. इंजिनांच्या कारखान्यांत तो शब्दशः खरा ठरला, आणि कधीं कधीं तोहि फार मोठा भासूं लागला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ च्या जानेवारींत, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचेंच रूपांतर १९८७ सालीं भारतीय मानक ब्यूरोंत झालें. या संस्थेपुढें एक विलक्षण गुंता होता. इंग्लंडहून आलेल्या यंत्रांचे आराखडे इंचांत, जर्मनीहून आलेल्यांचे मिलिमीटरांत. १९५६ च्या कायद्यानें देशानें दशमान पद्धति स्वीकारली व १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्यानें अमलांत आली. पण कायदा पट्टी बदलूं शकतो, मिस्त्रीची संवय एकदम बदलूं शकत नाहीं.

आंकडा तोच असून वहिवाट निराळी असली म्हणजे अर्थ कसा बदलतो, हें पाहण्यासारखें आहे. अमेरिकन इंचांच्या आराखड्यांत माप २.० असें लिहिलें, २.०० असें लिहिलें कीं २.००० असें लिहिलें, यावरून सूट ठरविण्याची रीत आहे. दशांशस्थळें जितकीं अधिक तितकी सूट कमी. आणि कोणत्या स्थळाला किती, तें आराखड्याच्या कोपऱ्यांतील चौकटींत छापलेलें असतें. मिलिमीटरच्या आराखड्यांत पुढचीं निरर्थक शून्यें देत नाहींत. पन्नास हें नुसतें ५० असेंच लिहितात. आतां इंचांच्या शाळेंत तयार झालेला मिस्त्री ५० पाहून म्हणेल, दशांश दिलेला नाहीं, तेव्हां काम ढोबळ चालेल. मिलिमीटरच्या शाळेंतला मिस्त्री तोच आंकडा पाहून चौकटींत कोणत्या मानकाचें नांव आहे तें शोधील. दोघेहि प्रामाणिक, दोघेहि कुशल. पण त्यांचे दांडे एका भोंकांत बसतीलच अशी खात्री नाहीं.

या गुंत्यावर आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक २७६८, भाग १, हा १९८९ सालीं निघालेला तोडगा आहे. भारतीय मानक २१०२, भाग १, हें १९९३ सालीं त्याला अनुसरून निघालें. आराखड्याच्या चौकटींत या मानकाचें नांव व एक अक्षर लिहावयाचें, आणि ज्या ज्या मापाशेजारीं सूट लिहिलेली नाहीं त्या त्या मापाला तक्त्यांतील सूट लागू करावयाची, अशी ही योजना आहे. वर्ग चार: सूक्ष्म, मध्यम, ढोबळ आणि अति ढोबळ. तीसच्या वरच्या व एकशेंवीसपर्यंतच्या मापाला सूक्ष्म वर्गांत दोन्ही बाजूंना ०.१५, मध्यम वर्गांत ०.३, ढोबळ वर्गांत ०.८ आणि अति ढोबळ वर्गांत १.५ मिलिमीटर इतकी सूट मिळते. म्हणजे आरंभीं सांगितलेला ५० चा आंकडा मध्यम वर्गांत ४९.७ ते ५०.३ असा वाचावयाचा. माप वाढत जातें तशी सूटहि वाढते. सहा ते तीसपर्यंत ती ०.२ असते, चारशें ते हजारपर्यंत ०.८ होते.

हे आंकडे कोठून आले, असें कोणी विचारील. चांगल्या कारखान्यांत, नेहमींच्या काळजीनें, विशेष खटाटोप न करतां जें साधतें तेंच या तक्त्यांत मांडलेलें आहे. व्हिटवर्थची रीत येथें पुन्हां दिसते. म्हणून न लिहिलेली सूट म्हणजे वाटेल तें करण्याचा परवाना असा अर्थ कोणी घेऊं नये, आणि आंकडा तंतोतंत साधलाच पाहिजे असाहि घेऊं नये. ‘नेहमींची काळजी घ्या’ एवढाच त्या मौनाचा अर्थ आहे, आणि नेहमींची म्हणजे किती, तें तक्ता सांगतो.

मात्र या तक्त्यावर कोठें विसंबावें व कोठें विसंबूं नये, हें कळणें फार महत्त्वाचें आहे. दांडा ५० चा आणि त्याला बसणारें भोंकहि ५० चें, व दोन्हींची सूट तक्त्यावर सोडलेली, अशी कल्पना करावी. मध्यम वर्गांत दांडा ५०.३ झाला आणि भोंक ४९.७ झालें, तरी दोन्ही भाग नियमांत आहेत. पण दांडा भोंकांत शिरणार नाहीं. उलट दांडा ४९.७ व भोंक ५०.३ झालें, तरीहि दोन्ही नियमांत आहेत. पण दांडा खुळखुळेल. तेव्हां जेथें एक वस्तु दुसरींत बसते तेथें सूट लिहिलीच पाहिजे. तेथें मौन म्हणजे आराखडा काढणाराचा दोष होय. कातार्‍यानें कितीहि कौशल्य केलें तरी तो दोष त्याला भरून काढतां येत नाहीं. तक्ता आहे तो ज्या अंगाला कोणी जोडीदार नाहीं अशा अंगासाठीं.

दुसरा फसवा प्रसंग बेरजेचा. वीस-वीस मिलिमीटरच्या पांच पायऱ्या एकापुढें एक असल्या, तर मध्यम वर्गांत प्रत्येकीला ०.२ सूट, पांचींच्या चुका एकाच दिशेला गेल्या तर एकूण लांबींत पुरा एक मिलिमीटर फरक पडतो. पण तीच एकूण लांबी १०० अशी स्वतंत्रपणें लिहिली तर तिला सूट मिळते अवघी ०.३. दोन्ही लिहिलीं तर आराखडा स्वतःशींच भांडतो. जाणता आराखडाकार जें माप महत्त्वाचें तेवढेंच सांगतो, आणि उरलेलें एक माप कंसांत घालतो किंवा मोकळें सोडतो. दोन आज्ञांपैकीं कोणती मोडावी, हें ठरविण्याची पाळी तो कारागिरावर आणीत नाहीं.

भोसरी, पिंपरी-चिंचवड, नगर, कोल्हापूर अशा ठिकाणीं आज असंख्य लहान कार्यशाळा मोठ्या कारखान्यांसाठीं सुटे भाग करून देतात. तेथें हा विषय पोथींतला राहत नाहीं. शंभर नग तयार झाले. तपासणारानें गेज लावलें. दहा नग तक्त्याच्या बाहेर गेले. ते दहा नग म्हणजे कोणाची तरी मजुरी, कोणाच्या तरी दोन रात्रींचें जागरण. त्यांचें काय करावयाचें? या ठिकाणीं त्या १९८९ च्या मानकानें एक माणुसकीचें कलम घालून ठेवलें आहे. सामान्य सुटीच्या बाहेर गेलेला भाग तेवढ्याच कारणानें आपोआप नाकारूं नये. त्याच्या कामांत बाध येत नसेल तर तो चालवून घ्यावा, अन्यथा ठरलें नसल्यास. याचा अर्थ असा कीं, तक्ता हा शेवटचा न्यायाधीश नाहीं. शेवटचा प्रश्न जुनाच आहे: नांगर चालतो कीं नाहीं?

परंतु या कलमाचा आधार घेऊन वाटेल तें गळ्यांत बांधणाराला येथें जागा नाहीं. काम चालेल कीं नाहीं हें तो भाग कोठें बसणार हें ज्याला ठाऊक आहे त्यानेंच सांगावयाचें. करणारानें परस्पर ठरवावयाचें नाहीं. आणि चौकटींत मानकाचें नांवच नसेल, सूटहि नसेल, तर लोखंडाला हत्यार लावण्यापूर्वीं विचारावें, आपण काय समजलों तें लिहून द्यावें, व त्यावर संमति घ्यावी. विचारण्यांत कमीपणा मानणारा मिस्त्री आणि विचारल्यावर रागावणारा साहेब, या दोघांनीं मिळून जितकें लोखंड वायां घालविलें असेल तितकें झिजलेल्या हत्यारांनींहि घालविलें नसेल.

मौनाची जागा हळूहळू कमी होत आहे, याची एक खूण अलीकडचीच आहे. सपाटी, काटकोन अशा आकाराच्या गुणांविषयीं त्याच मानकाचा दुसरा भाग होता. तो २०२१ सालीं मागें घेण्यांत आला व त्याच्या जागीं २२०८१ क्रमांकाचें नवें मानक आलें. त्यांत तयार तक्ता नाहीं. सामान्य सूट किती, हें आराखडा काढणारानें स्वतःच लिहावयाचें आहे. ज्याला वस्तूचा उपयोग ठाऊक आहे त्यानेंच बोलावें, असा त्याचा मथितार्थ.

हिवरे बाजारसारख्या गांवांतहि आज विहिरींवर पंप आहेत. त्यांच्या आंसाचीं बेअरिंगें दुरून कोठून तरी आलेलीं असतात आणि नगरच्या दुकानांतून घेतलेलें नवें बेअरिंग जुन्या आंसावर बसतें, तें वर सांगितलेल्या सगळ्या खटपटीमुळें. पण त्या पंपानें पाणी किती उपसावयाचें, याची मर्यादा कोणत्याहि आराखड्यावर नव्हती. ज्याची विहीर खोल त्याचें पाणी, ही न लिहिलेली वहिवाट होती, आणि ती दुष्काळांत गांवाच्या मुळावर येत असे. १९८९ सालीं पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. पुढील वर्षांत गांवानें मृदसंधारणाचीं व जलसंधारणाचीं कामें केलीं, शेतीसाठीं कूपनलिका खोदण्यास बंदी घातली, आणि दरवर्षीं पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गांवसभेपुढें मांडण्याची रीत पाडली. ताळेबंद पाहून त्या वर्षाचीं पिकें ठरतात. २०२० सालीं पोपटराव पवारांना पद्मश्री जाहीर झाली. पाणी आणि पोलाद या दोन दूरच्या वस्तु आहेत. तरी गांवानें केलें तें व्हिटवर्थनें केलें त्याच जातीचें आहे. आधीं मोजलें, मग सर्वांसमक्ष मर्यादा ठरविली, आणि कोणाच्या अंदाजावर ती सोडली नाहीं.

सुतार, लोहार आणि शेतकरी एका शिवारांत राहत होते तोंवर न बोलतां चालत होतें. आतां आराखडा पुण्यांत निघतो, भाग नगरास कातला जातो आणि तो बसविणारा कदाचित् परदेशांत असतो. अशा वेळीं आराखडा म्हणजे ज्याची गांठ कधीं पडावयाची नाहीं अशा माणसाला लिहिलेलें पत्र होय. त्यांत आंकडा लिहितांना, तो वाचणाराला आपल्या मनांतलें किती ठाऊक आहे, हें एकदा स्वतःला विचारावें. आणि जेवढें ठाऊक नसेल तेवढें चौकटींत एका ओळीनें लिहून टाकावें. त्या ओळीला पैसा लागत नाहीं. ती नसली म्हणजे मात्र तिची किंमत दुसरा कोणीतरी, बहुधा सर्वांत लहान कार्यशाळेंतला माणूस, भरीत असतो.